मोनालीच्या नावे पामच्या कुंड्या

मी, बेबीताई उकंडा मनवर, वय एकोणसत्तर, धंदा पामच्या कुंड्या भाड्याने देणे, राहणार कळंब, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही आणि कोणी गोड बोलून सहीला बसवलेलेही नाही. मी शुद्धीत आहे की नाही याची ज्याला शंका असेल त्याने नर्सरीत येऊन कोणत्याही कुंडीवर बोट ठेवावे. तिला शेवटचे पाणी कधी घातले आणि तिचे नवे पान कोणत्या बाजूला उघडते आहे ते मी पाठ फिरवून सांगेन. ही सोय अर्थात मी जिवंत असेपर्यंतच आहे.

येत्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मला काळजी नाहीच. मला घाई आहे. कागदाची कलमे अॅडव्होकेट दीपा यांनी पाडून दिली, मजकूर माझा आहे. मधले माझे शेरे मृत्युपत्रात बसत नाहीत असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, थोडे दाबून बसवा.

या कागदाचा हेतू एकच आहे आणि तो मी आधीच लिहिते, म्हणजे कोणाला शेवटचे पान आधी उघडून बघावे लागणार नाही. माझी थोरली सून मोनाली, माझा मृत मुलगा अतुल याची पत्नी, हिने येत्या हिवाळ्यात पूनमसिंग राठोड याच्याशी लग्न केले तरी माझी नर्सरी तिचीच राहील. लग्न केले तरी. हे शब्द दीपा मॅडमनी एकदाच लिहिले होते, मी दोनदा लिहायला लावले.

कलम १. माझी माणसे. माझे पती उकंडाजी सरकारी विश्रामगृहात माळी होते. मुले शाळेत असतानाच ते वारले. थोरला अतुल करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याला मूलबाळ नाही. धाकटा अश्वजित याचे कळंबलाच कृषी केंद्र आहे, खते आणि बियाणे विकतो. राहते घर मी गेल्या वर्षी बक्षीसपत्राने त्याच्या नावे करून दिलेले आहे. त्यामुळे घराचा विषय या कागदात नाही आणि अश्वजितनेही तो काढू नये.

कलम २. नर्सरी. राळेगाव रोडवरची जागा, तिच्यावरची हिरवी जाळी, बोअर, पावसाच्या पाण्याची टाकी आणि पत्र्याची खोली हे सर्व माझ्या कमाईचे आहे. यात मनवरांच्या वाडवडिलांचा काडीचाही संबंध नाही. उकंडाजी गेले तेव्हा आमच्या अंगणात तेलाच्या डब्यांत लावलेले अरेका पाम होते, विश्रामगृहातल्या मोठ्या जुडग्यातून साहेबांना विचारून फोडून आणलेले. त्या वेळी लग्नाच्या स्टेजला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधत. एका मांडववाल्याला ऐन वेळी केळी मिळाली नाही, म्हणून तो माझे डबे उचलून घेऊन गेला आणि परत आणताना भाडे देऊन गेला. केळीचा खांब दुसऱ्या दिवशी जनावरापुढे पडतो. पाम घरी येतो आणि पुढच्या लग्नाला पुन्हा उभा राहतो. हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले आणि त्यावर मी दोन मुले वाढवली.

कलम ३. नर्सरीतले सर्व पाम, म्हणजे अरेका, माशाच्या शेपटीसारख्या पानांचे फिशटेल, बुडाशी फुगलेले बाटली पाम, आणि सायकस, कुंड्यांसह आणि कलम २ मधल्या जागेसह मी मोनालीला देते. सायकस हा खरा पाम नव्हे हे मला माहीत आहे. मांडववाल्यांना माहीत नाही आणि त्यांना कळल्याने काही फायदाही नाही.

मोनालीला कुंड्या सांभाळायला शिकवायची गरज नाही. तरीही पुढचे मी लिहून ठेवते, कारण मी गेल्यावर तिला शिकवायला येणाऱ्यांची गर्दी होईल. त्यांच्यासमोर तिने हा कागद धरावा.

कलम ४. माती. आपल्याकडे प्रत्येकाला आपल्या काळ्या मातीचा फार अभिमान. शेतात तो बरोबर आहे. कुंडीत काळी माती घातली की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट, आणि दोन्हीत मुळे गुदमरतात. तांबडी माती, जाड रेती, चांगले कुजलेले शेणखत आणि नारळाच्या शेंड्यांचा भुसा, एवढेच घालावे. मूळ खालच्या भोकातून बाहेर डोकावले तरच कुंडी बदलावी, आणि तीही एकच माप मोठी. घाईने फार मोठी कुंडी दिली तर माती ओलीच राहते. बदलताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फोडू नये. पूर्वी जेवढे खोड मातीत होते तेवढेच राहू द्यावे, सरळ उभे राहावे म्हणून खोल गाडू नये. पाम कुंडी बदलल्यावर काही दिवस रुसतो. त्याला तेवढे रुसू द्यावे.

कलम ५. पाणी. आमच्या बोअरचे पाणी खारे आहे. चहाच्या भांड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो तोच कुंडीच्या काठावर बसतो, आणि पानांची टोके तपकिरी होतात. लोकांना वाटते पाणी कमी पडले, म्हणून ते आणखी खारे पाणी ओततात. टाकी त्यासाठी बांधली आहे. अधूनमधून पावसाचे पाणी भरपूर सोडून माती धुवून काढावी, खालून वाहून जाईपर्यंत. वाळलेले टोक कात्रीने कापायचे तर हिरव्याला लागू न देता, वाळल्याची बारीक कड ठेवून कापावे. हिरव्यात कापले की तिथून पुन्हा वाळत जाते.

पिवळेपणाचे निराळे. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडले तर ते म्हातारपण आहे, त्याला औषध नाही. सगळीच पिवळी पडू लागली तर आधी कुंडीचे भोक बघावे, बहुतेक वेळा ते बुजलेले असते. मातीत बोट घालावे आणि ओल लागली तर झारी खाली ठेवावी. माझ्या अनुभवात पाम तहानेने कमी मरतात आणि मायेने जास्त.

एकदा फिशटेलची जुनी पाने कडेने पिवळी आणि मधे हिरवी अशी होऊ लागली. भोक मोकळे होते, पाणी बरोबर होते, मला काही कळेना. नर्सरीच्या मागे ज्यांचे कपाशीचे वावर आहे ते किसनराव बांधावर उभे होते. ते म्हणाले, "बेबीताई, लाल्यासाठी मी पऱ्हाटीले मॅग्नेशियम देतो, तेच याले देऊन पाहा ना." लाल्या म्हणजे कपाशीची पाने लाल पडण्याचा रोग. मी ते थोडे पाण्यात विरघळवून मातीत दिले. पिवळी झालेली पाने तशीच राहिली, पण नवी आली ती हिरवी आली. हे उपकार मी विसरलेले नाही. मात्र वारा नर्सरीकडे वाहत असताना किसनरावांनी वावरात तणनाशक फवारू नये, हेही मी विसरलेले नाही. ते या कागदावर साक्षीदार आहेत, म्हणजे त्यांनी हे वाचले असे मी धरते.

कलम ६. फवारणीचे दोन पंप आहेत. निळा फक्त साध्या पाण्याचा आणि निंबोळी अर्काचा. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी जाळे विणतो, तेव्हा आधी नुसत्या पाण्याने पाने खालून धुवावीत, मग अर्क. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसावा. निळ्या पंपात तणनाशक कोणी भरू नये, धुवून देतो असे सांगून मागितला तरी देऊ नये. तणनाशक भरलेला पंप धुतल्याने धुतला जात नाही. निळा मोनालीला. पिवळा तणनाशकाचा, तो मी किसनरावांना आधीच देऊन टाकला, म्हणून या कागदात नाही; ते तसेही तो माझाच नेत.

कलम ७. मांडव. पामला आजार नर्सरीत होत नाही, मांडवात होतो. लोक पंगतीतून उठून कुंडीत हात धुतात, वरणाचे मीठ मुळांत जाते. मुले कोल्ड्रिंक ओततात, मग मुंग्या लागतात. डेकोरेशनवाले चमक यावी म्हणून पानांना खोबरेल तेल चोळतात आणि त्यावर धूळ बसून पानांचा श्वास बंद होतो. ओल्या फडक्याने पुसले तरी पान चमकते. कूलरच्या तोंडापुढे पाम ठेवू नये. जाळीखाली वाढलेला पाम एकदम उन्हात नेला तर त्याची कातडी भाजते, पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. मांडवातून आलेली कुंडी धुवून, सावलीत आराम देऊनच पुढच्या लग्नाला पाठवावी, नवरीचा बाप कितीही मोठा असो.

याच कलमात एक जुने प्रकरण. राळेगावच्या बाजूला एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचे लग्न होते. मी स्टेजवर कुंड्या लावत होते. घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझा मोकळा गळा पाहिला आणि म्हणाल्या, "तू खाली उतर वं बाई. नवरानवरी बसाची जागा हाय थे."

मी विचारले, "माहा हात नाई चालत?"

"तसं नाई, पण शुभकार्य हाय ना."

"या कुंड्याईले माह्याशिवाय कोणाचाच हात लागला नाई," मी म्हटले. "मंग ह्या बी उतरवतो."

मी एकेक कुंडी उतरवून टेम्पोत भरली. मुलीचा बाप धावत आला, हात जोडले, भाडे वाढवून देतो म्हणाला. मी म्हटले, भाडे आहे तेच राहू द्या, त्या बाईंना सांगा. त्यांनी स्वतः येऊन बोलावले तेव्हा मी परत लावल्या. तेव्हापासून मी कोणत्याही स्टेजवर सर्वांसमोर चढते. मोनालीनेही तसेच चढावे, आणि ती आजवर चढत आली आहे.

कलम ८. शेंडा. पामच्या मधोमध जी मिटलेली सुई वर येते ते त्याचे पुढचे पान. तिला कोणी हात लावू नये. मांडवाचे कापड खाली आले तर कापड वर बांधावे.

हे मी कोणामुळे लिहिते ते घरात सर्वांना माहीत आहे. अश्वजित कॉलेजात असताना किसनरावांच्या वावरात तुरीचे शेंडे खुडायला जायचा. शेंडा खुडला की तूर बाजूंनी फुटते, झाड भरते, शेंगा जास्त लागतात, ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. एक दिवस मी बाजारातून आले तर पोरगा हसत उभा. म्हणाला, "आई, तुह्या पामचे बी शेंडे खुडले. आता पाहाशील कसे झुपकेदार होते." बाटली पामची पूर्ण रांग खुडली होती, एकही सोडला नव्हता. अरेकाच्या जुडग्यात एक खोड गेले तरी शेजारचे जगते. बाटली पामला खोड एक आणि सुई एक. ती रांग सावकाश वाळत गेली आणि अश्वजित रोज तिला पाणी घालत राहिला. मी त्याला तेव्हा मारले नाही, पण जेवताना, भांडताना, त्याच्या लग्नात, जिथे संधी मिळाली तिथे ऐकवले. त्याच्या दुकानात कोणी कुंडीतल्या पामचे खत मागायला आला तर तो खताआधी सांगतो, शेंड्याले हात लावू नका. हे मला गिऱ्हाइकांकडून कळले.

माणसाचे मात्र तुरीसारखे आहे. अतुल गेला तेव्हा लोक मोनालीकडे बघून म्हणाले, हिचं आता काय राह्यलं. त्या वर्षी लग्ने बंद होती, मांडव बंद होते, सगळ्या कुंड्या घरी होत्या. मोनाली सकाळपासून त्यांच्यात असायची. पानन् पान पुसायची. कोणाशी बोलत नव्हती, माझ्याशीही नाही. मीही मुलगा गमावला होता, मीही बोलत नव्हते. पण दुपारी ती मला हात धरून जाळीखाली आणून बसवायची, आणि मी बसायचे. पुढे हळूहळू कोणत्या कुंडीला काय झाले एवढे आम्ही बोलू लागलो. तिच्यामुळे मी जगले. नर्सरीही तिच्यामुळेच जगली. तिला आता नवे फुटवे आले आहेत. ते दिसत असून नाही म्हणणाऱ्याशी माझे काही बोलणे नाही.

कलम ९. पूनमसिंग राठोड, राहणार फुलसावंगी, तालुका महागाव. हा मांडवात लाइट लावतो. लाइटवाले मोठे फोकस पामच्या डोक्यावरच आणून ठेवतात आणि संध्याकाळ संपेपर्यंत पानांची टोके वळून जातात. प्रत्येक मांडवात भांडण. एका लग्नात मोनाली भांडायला स्टेजवर चढली, तर हा शिडीवर उभा राहून फोकसची तोंडे आधीच फिरवत होता.

त्याने वरूनच विचारले, "याले उजेड चालते का नाई?"

मोनाली म्हणाली, "उजेड चालते. आग नाई चालत."

पुढच्या मांडवात तो थंड उजेडाचे दिवे घेऊन आला. नंतर त्याने आमच्याकडून एक अरेका विकत नेला. तो पिवळा पडतो म्हणून विचारायला आला. सांगितले, पाणी कमी घाल. पुन्हा आला, अजून पिवळाच आहे म्हणून. कुंडीखाली थाळी ठेवून तिच्यात तो रोज पाणी भरत होता. थाळी काढायला सांगितली. तरी येतच राहिला, कधी कुंडी घेऊन, कधी नुसते एक पान खिशात घालून. फुलसावंगी काही जवळ नाही. त्या पामला काय झाले आहे हे मला पहिल्याच दिवशी कळले होते आणि पूनमसिंगला काय झाले आहे हे दुसऱ्या. मी बोलले नाही. मोनालीला कळायला वेळ लागला, तो मी लागू दिला.

तो मला याडी म्हणतो. त्याच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. हे ऐकून मला बरे वाटते, हे मी इथे लिहिते, तोंडावर त्याला सांगितलेले नाही.

कलम १०. लग्न. मोनालीचे माहेर राळेगाव तालुक्यात. तिचा भाऊ फोनवर म्हणाला, "बंजाऱ्यात लगन करते तं आमाले बोलावू नका. मुलीकडून कोणी उभं राहणार नाई, हे त्याईले सांगून ठेवा." मोनालीने फोन माझ्या हातात दिला आणि झारी घेऊन बाहेर गेली. ती रडत होती. मी त्याला सांगितले, मुलीकडून मी उभी राहते.

आता ऑपरेशन मधे आले. मी उभी राहिले नाही तर कोण, हा प्रश्न मला पडला आहे, आणि छातीतल्या दुखण्यापेक्षा तोच जास्त टोचतो. पूनमसिंगकडून अख्खा तांडा येणार. समोर मुलीची बाजू रिकामी आणि तिथे फक्त कुंड्या, असे मी होऊ देणार नाही. माझ्या कुंड्या पाहुण्यांच्या जागा भरायला नाहीत.

अश्वजितशी हे बोलणे झाले. तो म्हणाला, "वहिनीनं लगन करावं, मी आडवा येऊन नाई राह्यलो. पण मंग नर्सरी कायले द्यायची? मनवरची नर्सरी राठोडाच्या घरात काहून जाऊ द्यावं?"

मी म्हटले, "नर्सरी मनवरची नाई, माही हाय. अन् मी बी मनवर लगनानंच झालो."

"अतुलदादा असता तं..."

"असता तं हा कागद कायले लागला असता?"

तो चहा न पिता उठून गेला. तो वाईट नाही. त्याला भावाची आठवण येते आणि ती तो नर्सरीत शोधतो, हे मला समजते. पण भावाच्या आठवणीसाठी वहिनीने जन्मभर त्या जाळीखाली अडकून राहावे हे मला मान्य नाही.

म्हणून लिहून ठेवते. लग्न ठरल्या तारखेलाच होईल. ऑपरेशनमध्ये माझे बरेवाईट झाले तर घरात सुतक आहे, वर्ष जाऊ द्या, लोक काय म्हणतील, असे सांगून कोणी ते पुढे ढकलू नये. पुढे ढकललेल्या गोष्टीचे काय होते ते मला माहीत आहे. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर वंदना होईल, आणि पूनमसिंगच्या आईला तिची गाणी म्हणायची असतील तर तीही होतील. स्टेजवर आपल्याच कुंड्या लागतील आणि त्या दिवशी त्या भाड्याने दुसरीकडे जाणार नाहीत.

लग्नानंतर मोनालीने नर्सरी इथेच चालवावी, फुलसावंगीला हलवावी की विकून टाकावी, हे ती ठरवेल. विकली तरी मला चालेल. ती म्हणाली होती, "आई, मी काहीच नेत नाई, नाव बिघडते." नाव कोणाचे बिघडते ते मला कळले नाही. तिने न्यावे. नको म्हणण्याचा अधिकार मी तिला या कागदाने देत नाही. दीपा मॅडम म्हणाल्या असे कायद्यात लिहिता येत नाही. तरी लिहिले आहे.

कलम ११. ~~नर्सरीचा टेम्पो अश्वजितला देते. त्याच्या दुकानाच्या मालाला उपयोगी पडेल.~~ (सहीपूर्वी खोडले. कारण खाली.)

कलम १२. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखाना भागवावा. वर सांगितले नाही असे जे काही निघेल ते सर्व मोनालीला. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव घालायचाच असेल तर पाम आत कोंडू नयेत, बाहेर सावलीत ठेवावेत. भाषणे थोडी करावीत. मी कष्टाळू होते असे कोणी म्हणू नये, ते सर्वांनाच म्हणतात.

सहीपूर्वीची नोंद. हा मजकूर मी आज सकाळी नर्सरीत जाळीखाली बसून सर्वांसमोर वाचला. मोनाली, अश्वजित, किसनराव आणि दीपा मॅडम हजर होते. अश्वजित एका पालथ्या कुंडीवर बसून ऐकत होता. शेंड्याच्या कलमाला त्याने मान खाली घातली, पुढे वर केली नाही.

दुसरा साक्षीदार म्हणून माझा जुना मांडववाला येणार होता. तो एका गावी मांडव सोडवत अडकला होता. दीपा मॅडम घड्याळ बघू लागल्या. तेव्हा अश्वजित म्हणाला, "कायले वाट पाहून राह्यले? मी करतो सही."

दीपा मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला टेम्पो मिळतोय. ज्याला कागदात काही मिळतं त्याची साक्ष मी घेत नाही. उद्या उगाच फाटे फुटतात."

"मंग टेम्पो खोडा," तो म्हणाला. "तसाबी त्याचा क्लच गेला हाय."

मी त्याला सांगितले, "विचार करून बोल. सही केली तं उद्या आई शुद्धीत नव्हती म्हणता येणार नाई तुले. कोर्टातबी जाता येणार नाई."

"कोर्टात जायचं असतं तं सही कायले मागली असती, आई?"

मोनाली जाळीच्या खांबाला धरून उभी होती. अश्वजितने एकदा तिच्याकडे बघितले. त्याने दीपा मॅडमकडून पेन घेतला, कलम अकरा स्वतः खोडले आणि बाजूला माझी सही घेतली. टेम्पो आता कलम बाराप्रमाणे मोनालीचा झाला. मला जे लिहायचे होते ते संपले.

ठिकाण : कळंब, जिल्हा यवतमाळ
दिनांक : १८ सप्टेंबर २०२५

लिहून देणारी : बेबीताई उकंडा मनवर (सही)

खालील दोघांनी माझी सही होताना पाहिली आणि मी त्यांची होताना पाहिली.

साक्षीदार पहिला : किसनराव, राहणार कळंब (सही)
लिहून देणारीशी नाते : शेजारी. वाऱ्याचे वाचले.

साक्षीदार दुसरा : अश्वजित उकंडा मनवर, राहणार कळंब (सही)
लिहून देणारीशी नाते : ~~मुलगा~~ मुलीकडचा